मेव्हणीची डागडुजी

माझी मेव्हणी सव्वीस वर्षांची, रंगाने निळी, आणि तिचा उजवा दिवा जरा बसका आहे. असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या बायकोकडे; म्हणून लगेच खुलासा करतो. मेव्हणी म्हणजे माझ्या सासूबाईंची जुनी पिकअप गाडी. पुढे दोघांची केबिन, मागे उघडा हौदा. हे नातं मी जोडलेलं नाही, बायकोने जोडलं. तिचं म्हणणं, आईला मुली दोन; थोरली मी आणि धाकटी ही. आणि लाड झाले ते धाकटीचे. थोरलीला ताप आला तर गोळी, धाकटी तापली तर आई बॉनेट उघडून तासभर वारा घालायची.

सासूबाईंचा धुलाईचा कारखाना होता. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, पडदे धुऊन, इस्त्री करून त्या स्वतः गाडी चालवत पोचवायच्या. एकोणीस वर्षं हा क्रम चालला. मग उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते बिघडलं म्हणून दुसरं झालं, आणि पाय फूटपट्टीसारखा सरळ राहिला तो राहिलाच. काठी टेकत त्या घरभर फिरतात, पण गुडघा वाकत नाही. सासूबाई तर त्याच्याही आधीपासून वाकत नव्हत्या. कारखाना विकून त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि सोबत गाडीही आणवून घेतली. मागच्या अंगणात ताडपत्री पांघरून तिला निजवली, त्याला सात वर्षं झाली.

ती तशीच निजून राहिली असती तर माझ्या आयुष्यातले चार महिने आणि दोन बऱ्या पँटी वाचल्या असत्या. पण सासूबाईंना एक थोरली बहीण आहे. बायकोची मावशी. वय चौऱ्याऐंशी, गाव तीन तासांवर, मुलाकडे राहते. दोघींची भेट होऊन सहा वर्षं झाली; तेव्हा मावशीच इकडे आली होती. मावशीच्या कानांनी केव्हाच राजीनामा दिलेला. फोनवर तिला काही ऐकू येत नाही. मात्र समोरच्याचे ओठ दिसले की तिला सगळं ऐकू येतं, न बोललेलंसुद्धा. मोबाइलवर चेहरा दाखवून पाहिला. तिथे चेहरा आधी थिजतो आणि ओठ मागाहून येतात. मावशीने दोनदा प्रयत्न केला आणि मुलाला म्हणाली, "हे बंद कर. धाकटी अशी तोतरी कधीच नव्हती."

तरीही चाललं होतं. मग त्या मुलाचं, म्हणजे बायकोच्या मावसभावाचं पत्र आलं. मावशीच्या डोळ्यांवर पडदा धरत चाललाय, हृदय अशक्त म्हणून डॉक्टर हात लावायला तयार नाहीत, चार-सहा महिन्यांत ओठ दिसेनासे होतील. खाली नवा पत्ता दिला होता, कारण त्यांनी मध्यंतरी घर बदललं होतं. मी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईंनी ऐकलं आणि विचारलं, "गाडी कधी सांगताय?"

दुसऱ्याच दिवशी भाड्याची मोटार आणली. सासूबाई आत बसल्या, पाय बाहेर राहिला. मागे बसवलं, तिरकं बसवलं, आडवं करून पाहिलं. शेवटी खिडकीची काच खाली करून पाय खिडकीतून बाहेर काढला आणि निघालो. दुसऱ्याच चौकात एका सायकलवाल्याने त्या पायाला हात दाखवून वाट मागितली. सासूबाई म्हणाल्या, "फिरवा मागे." रुग्णवाहिकेचं नाव काढलं तेव्हा म्हणाल्या, "मी आजारी नाही. मी फक्त लांब आहे." घरी आल्यावर त्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली आणि बायकोला सांगितलं, "ताईला कळव, राहू दे म्हणावं. तिचं तोंड मला पाठ आहे." त्यानंतर दोन दिवस त्यांनी वर्तमानपत्र उघडलं नाही. माझ्यात कुठलीही चूक काढली नाही. बायको म्हणाली, "आता काहीतरी करायलाच हवं, हे लक्षण बरं नाही."

काय करायचं हे बायकोनेच सांगितलं. मेव्हणीची केबिन उंच. चालकाशेजारच्या जागेपुढे कागदपत्रं ठेवायचा एक कप्पा आहे, तो कापून काढला तर पाय सरळ पुढे जाईल. गाडी जागेवर आहे, फक्त जागी करायची आहे. "थोडक्यात होईल," ती म्हणाली. हे वाक्य मी पुढे भिंतीवर लिहून ठेवणार होतो, पण भिंत रंगवायलाही त्या महिन्यांत काही उरलं नाही.

रविवारी सकाळी मी ताडपत्री ओढली. आत एक मांजर आणि चार पिल्लं होती. गाडीत इतकी जागा असताना ही बाळंतीण नेमकी शेजारच्या जागेपुढे, जिथे सासूबाईंचा पाय जायचा होता तिथेच गादी करून बसली होती. मी खोकं आणलं. बायको म्हणाली, "डोळे उघडेपर्यंत हलवायचं नाही." मी म्हटलं, "मावशीचे डोळे मिटत चाललेत, त्याचं काय?" ती म्हणाली, "त्यासाठी हिच्या पिल्लांचे फोडायचे का?" मी खोकं परत नेऊन ठेवलं. तीन आठवडे मी रोज कामावर जाण्याआधी वाकून पिल्लांचे डोळे तपासत होतो. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा बावीस वर्षांचा धंदा, तेव्हा बारीक बघायची सवय आहे. चौथं पिल्लू मुद्दाम डोळे उघडत नव्हतं असं माझं आजही मत आहे.

ताडपत्री निघाल्याची बातमी भिंतीपलीकडे गेली आणि बोटीवरचे काका आले. काका तीस वर्षं मोठ्या बोटींवर होते. तिथे त्यांनी नेमकं काय केलं हे कुणाला ठाऊक नाही; बायकोला संशय आहे की ते भांडारात चमचे मोजत होते. पण यंत्राचा विषय निघाला की काका कमरेवर हात ठेवून उभे राहतात आणि क्षितिजाकडे बघतात. आमच्या अंगणातून क्षितिज म्हणजे समोरच्यांची पाण्याची टाकी.

"गंज," काका टाकीकडे बघत म्हणाले. "बोटीवर असतं तर पहिलं हेच विचारलं असतं."

"काय?"

"की गंज कुठे नाही."

मग मिस्त्री आले. हे बुटके, शांत गृहस्थ. पेचकसाची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून ते ऐकत बसायचे. इंजिन बंद असलं तरी ऐकायचे. त्यांच्याकडे एकच शब्द होता, "बघू." डॉक्टर "बघू" म्हणाला तर माणसाला निदान आशा वाटते. मिस्त्रींच्या "बघू"नंतर एक वस्तू बदलायची असायची. पहिल्या "बघू"ला बॅटरी गेली. दुसऱ्याला गाडी सुरू करणारा सेल्फ गेला. तिसऱ्याला डिझेलचा पंप उतरवला, धुतला, पुन्हा चढवला. बजेट म्हणून बायकोने एक पाकीट केलं होतं. तिने ते माझ्यासमोर उलटं करून झटकलं आणि रिकामं पाकीट मिस्त्रींना पाने पुसायला दिलं.

गाडी सुरू झाली नाही. ढकलून बघू, असं ठरलं. मी कामावर निघालेलो, इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. डबा बॉनेटवर ठेवून मी आणि मिस्त्री ढकलायला लागलो. काका पुढे चालत, "डावीकडे, डावीकडे," असा हात करत होते. आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. तिथे आमच्या छापखान्याचे मालक सकाळचं चालून परत येत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. म्हणाले, "जोडधंदा वाटतं. बरं केलंत." तेवढ्यात डबा घरंगळला. मी त्यांना सांगणार होतो की ही माझी मेव्हणी. सुदैवाने धाप लागल्यामुळे शब्द फुटला नाही.

अशा रीतीने एकोणीस दिवस गेले. सासूबाई रोज मागच्या दारात खुर्ची टाकून, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून सगळं बघत. एकोणिसाव्या दिवशी मिस्त्री इंजिनच खाली उतरवायच्या तयारीला लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते खालचं बटण दाबलंत का?"

मिस्त्रींच्या हातातला पाना थांबला. मांजरसुद्धा थांबलं.

"कुठलं बटण?" मिस्त्रींनी विचारलं. त्यांच्या तोंडून "बघू" सोडून आलेला हा पहिला शब्द.

"चालकाच्या बाकाखाली, डाव्या हाताला. ते दाबल्याशिवाय डिझेल पुढे जात नाही. चोरांसाठी बसवून घेतलं होतं."

मी म्हटलं, "आई, एकोणीस दिवस आम्ही इथे काय करतोय असं वाटलं तुम्हाला?"

"मला वाटलं, जुनं झालंय म्हणून सगळं बदलताय. चांगलं आहे की. आणि ते बटण सांगायचं नसतं कुणाला. मी ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं." ह्यांना म्हणजे माझ्या दिवंगत सासऱ्यांना.

"पण मी काय चोर आहे का?"

"तसं कोण म्हणतंय, जावईबापू," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही विचारलं कुठे? सगळे एकमेकांना विचारत होता. काकांनासुद्धा."

मिस्त्रींनी बाकाखाली हात घातला. टिच् असा आवाज झाला. किल्ली फिरवली आणि मेव्हणी एकदा शिंकली, दोनदा शिंकली, मग काळा धूर सोडून थरथरत उभी राहिली. तिचा आवाज ऐकून सासूबाईंनी मान जरा तिरकी केली, जसं लांबून कुणी हाक मारल्यावर करतात. मग हळूच, स्वतःशीच म्हणाव्यात तशा गुणगुणल्या:

*निळी माझी गं गाडी, चार चाकं तिच्या पायी,*
*बहिणीच्या वाटेवर, तिला सांगावं लागत नाही.*

काका गहिवरले. म्हणाले, "बोटीवर असं बटण नव्हतं."

आता बसायची सोय. कप्पा कापला, तर त्यामागून तारांचा एवढा गुंता बाहेर आला की मिस्त्रींनी तो पुन्हा आत ढकलून दार लावल्यासारखं केलं. तेव्हापासून डावीकडे वळायचा दिवा लावला की हॉर्न वाजतो. बाकही अडचणीचा होता; पाय न वाकवता त्यावर चढताच येईना. बाक नवीन करून घेणं पाकिटाबाहेरचं होतं. तेव्हा बायकोला आठवलं की बाजारातलं केशकर्तनालय बंद झालंय आणि त्याचं सामान फुटपाथवर मांडलंय. तिने तिथून न्हाव्याची खुर्ची आणली. लाल, गोल फिरणारी, डोकं टेकायला उशी असलेली. अर्धा बाक कापून मिस्त्रींनी ती केबिनमध्ये घट्ट बसवली. आता दाराकडे तोंड करून खुर्ची फिरवायची, सासूबाईंनी पायरीवर उभं राहून पाठमोरं बसायचं, आणि मग सगळी खुर्चीच समोर वळवायची, की पाय आपोआप कप्प्याच्या भोकात जातो. पहिल्यांदा बसल्या तेव्हा त्यांनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "मागून जरा बारीक ठेवा."

मला वाटलं, झालं. ज्या माणसाला या टप्प्यावर "झालं" असं वाटतं, त्याचा वाहन कार्यालयाशी संबंध आलेला नसतो.

गाडी सात वर्षं उभी, तेव्हा ती रस्त्यावर आणण्याआधी तपासणी हवी. तपासणीसाठी खिडकी क्रमांक चारवर अर्ज. खिडकी चारवरच्या बाईंनी गाडीचं पुस्तक उघडलं, माझ्याकडे पाहिलं. "आसनव्यवस्था, एक सलग बाक. तुम्ही लिहिलंय, अर्धा बाक व एक खुर्ची. म्हणजे बदल. बदलाचा अर्ज वेगळा, खिडकी नऊ."

खिडकी नऊवरचा अर्ज चार पानी होता. मी तो घरी आणून नीट भरला, आणि इथे माझा घात झाला. त्या छापील अर्जात सातव्या रकान्यानंतर पुन्हा सातवाच रकाना होता. बावीस वर्षांचा हात, खिशात लाल पेन. माझ्याही नकळत मी दुसऱ्या सातावर काट मारून आठ केला आणि पुढचे सगळे आकडे एकेकाने वाढवले. समासात खूणसुद्धा केली.

खिडकी नऊवरचे गृहस्थ बराच वेळ त्या पानाकडे बघत होते. "हे काय?"

"चूक होती, दुरुस्त केली."

"कुणाची?"

"अर्जाची."

"साहेब," ते दमलेल्या आवाजात म्हणाले, "ही चूक अकरा वर्षं आहे. तिच्यावर हजारो गाड्या पास झाल्यात. आता तुमच्या आठव्या रकान्यात जे आहे ते आमच्या दुसऱ्या सातव्यात शोधणार कोण? खाडाखोड झालेला अर्ज चालत नाही. नवीन घ्या."

नवीन अर्ज संपलेले होते. छापायला दिले होते. कुठे दिलेत म्हणून मी सहज विचारलं. आमच्याच छापखान्यात दिले होते. आठवड्याने ते मुद्रित माझ्या टेबलावर आलं, सातानंतर सात. सोबत चिठ्ठी, "जसेच्या तसे छापावे." मी आयुष्यात पहिल्यांदा चूक दिसूनही हात लावला नाही. त्या दिवशी मालक जवळून जाताना म्हणाले, "हल्ली तुमचं लक्ष नसतं." मी ते मुद्रित सही करून पुढे पाठवलं.

याच सुमाराला मावसभावाचं दुसरं पत्र आलं. मावशी हल्ली त्याच्या तोंडाजवळ तोंड आणून बघते, असं त्याने लिहिलं होतं. सासूबाईंनी ते पत्र स्वतः वाचलं, घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवलं. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "दमलात ना, जावईबापू." त्यांनी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या महिन्यात अर्ज आत गेला. तपासणी अधिकारी म्हणाले, बदल ज्या व्यक्तीसाठी केलाय ती व्यक्ती गाडीत बसवून दाखवा. मी म्हटलं, ती दुसऱ्या कुठल्याच गाडीत बसत नाही, म्हणून तर बदल केलाय. ते म्हणाले, मग याच गाडीतून आणा. मी म्हटलं, ही पास झाल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. ते म्हणाले, बरोबर. दोघांचंही बरोबर होतं. शेवटी खिडकी चारवरच्या बाई मागून म्हणाल्या, "एक दिवसाचा तात्पुरता परवाना असतो की, सर. मागायला कुणी येत नाही, एवढंच."

त्या एका दिवशी सासूबाई धुतलेली पांढरी साडी नेसून, केस बांधून, न्हाव्याच्या खुर्चीत बसून वाहन कार्यालयात आल्या. वाटेत तीन डावी वळणं होती, तिन्हींना हॉर्न वाजला. अधिकारी बाहेर आले. सासूबाईंनी खुर्ची फिरवून उतरून दाखवलं, बसून दाखवलं, पाय भोकात घालून दाखवला. अधिकाऱ्यांनी स्वतः बसून पाहिलं, एकदा पूर्ण गोल फिरले, उशीवर डोकं टेकलं आणि डोळे मिटले. आम्हाला वाटलं ते विचार करतायत. पाच मिनिटांनी सासूबाई त्यांच्या खांद्याला काठी लावून म्हणाल्या, "साहेब, उठा. मला बहिणीकडे जायचंय." ते दचकून उठले आणि दार धाडकन लावलं.

"हळू," सासूबाई म्हणाल्या. "दार उघडून पुन्हा लावा. असं आपटत नाहीत."

अधिकाऱ्यांनी दार उघडलं आणि पुन्हा, हलक्या हाताने लावलं. मग कागदावर सही केली. हॉर्नबद्दल त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

शनिवारी उजाडल्यावर निघालो. केबिनमध्ये खुर्चीमुळे तिसऱ्याला जागा नव्हती, म्हणून बायको बसने निघाली. मेव्हणी चढाला दम घेत, उताराला कुरकुरत चालली होती. सासूबाईंनी तीन तासांत मला गियर कसा टाकावा, कसा टाकू नये आणि मी तो कसा टाकतो, या तिन्ही गोष्टी समजावून सांगितल्या. गाव जवळ आलं तशा मात्र गप्प झाल्या. हातरुमालाने त्यांनी ओठ पुसले. दोनदा पुसले. मावशी बघणार ते ओठच.

बायको आमच्या चाळीस मिनिटं आधी पोचली होती. अरुंद रस्त्यावर एका जुन्या दोन मजली इमारतीसमोर ती उभी दिसली, आणि तिचा चेहरा पाहून मी इंजिन चालू ठेवूनच मान बाहेर काढली.

"काय झालं? मावशी बरी आहे ना?"

"मावशी बरी आहे. जिना बघ."

लोखंडी, गोल, चक्रासारखा वर गेलेला जिना. इतका चिंचोळा की मला बघूनच अंग चोरावंसं वाटलं. फूटपट्टीसारखा पाय त्यात पहिल्याच वळणाला अडकणार होता. मावशी दोन वर्षांत त्यावरून उतरलेली नव्हती, उतरणं शक्यही नव्हतं. मी खिशातून पत्र काढलं. पत्ता चार महिने माझ्या खिशात होता. मी तो शंभरदा वाचला असेन. रस्ता, वळण, खुणेचं दुकान, सगळं पाठ होतं. त्यात मावसभावाच्या सुवाच्य अक्षरात "पहिला मजला" असं लिहिलेलं होतं. बॅटरी, सेल्फ, पंप, कप्पा, खुर्ची, खिडकी चार, खिडकी नऊ, सातानंतर सात. सगळ्यावर माझं लक्ष होतं, आणि हे दोन शब्द मी दर वेळी ओलांडून पुढे गेलो होतो.

मावसभाऊ खाली आला. म्हणाला, घरातल्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेऊ. जिन्यात खुर्ची वळेना, शिवाय सासूबाई म्हणाल्या, "मी काय कपाट आहे?" मी पत्र पुढे धरून माफी मागायला लागलो. सासूबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या वर बघत होत्या.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गजांना धरून एक अगदी लहानखुरी म्हातारी उभी होती. खालच्या रंगांमधून माणूस शोधावा तशी ती डोळे बारीक करत होती.

"कोण आलंय?" तिने खणखणीत आवाजात विचारलं. "निळं काय आहे ते?"

सासूबाईंनी काठी माझ्या हातात दिली. "मागचा फाळका पाडा," म्हणाल्या.

मी हौद्याचा फाळका खाली पाडला. त्या पाठमोऱ्या त्याच्यावर टेकल्या, पाय सरळ धरून मागे सरकल्या, बायकोने आणि मावसभावाने बगलेत हात घालून त्यांना हौद्यात उभं केलं. मी गाडी गॅलरीखाली घेतली. वर मावशी गजांशी जमिनीवर बसली आणि तिने चेहरा दोन गजांच्या मधे आणला. खाली सासूबाईंनी केबिनच्या टपाला एका हाताने धरून मान वर केली. दोन तोंडांमध्ये हातभर अंतर राहिलं.

"ताई," सासूबाई म्हणाल्या.

"वाळलीस," मावशी म्हणाली.

मग सुरू झालं. काय बोलल्या ते मी सांगणार नाही, कारण निम्मं मला ऐकू आलं नाही. उरलेलं निम्मं कुणाकुणाच्या बदनामीचं होतं. रस्ता अरुंद; पाण्याचा टँकर आला की मला गाडी पुढे काढावी लागे, तो गेला की पुन्हा मागे आणावी लागे. टँकर गेला, शाळेची बस आली. बस गेली, वाळूची गाडी आली. दर खेपेला सासूबाई बोलत बोलत पुढे जायच्या आणि बोलत बोलत मागे यायच्या. मावशी गॅलरीत तेवढीच सरकत कठड्याच्या टोकापर्यंत जायची. मागे एक वाहतूक शिपाई येऊन उभा राहिला. वही काढली, वर पाहिलं, खाली पाहिलं, मला विचारलं, "किती वेळ?"

"सहा वर्षं," मी म्हटलं. मी फार दमलो होतो.

त्याने वही खिशात ठेवली आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन गाड्या दुसरीकडून वळवायला लागला.

ऊन कलायला आलं. मी अकराव्यांदा गाडी मागे आणून लावली. वरून मावशीचा आवाज आला, जरा घाबरलेला. "धाकटे, दिसत नाहीस गं. कुठे गेलीस?"

"इथेच आहे," सासूबाई म्हणाल्या. मग टपावर दोनदा थाप मारून मला म्हणाल्या, "जावईबापू, चार बोटं मागे घ्या."

मी क्लचवरचा पाय श्वास सोडावा तसा सोडला. चार महिने जिने माझं एक ऐकलं नव्हतं ती मेव्हणी चार बोटं मागे सरकली. तीन नाही, पाच नाही. आरशात दिसलं, वरून एक हात गजांतून खाली आला, चाचपडत सासूबाईंच्या गालावर टेकला, आणि अंगठा ओठांवर येऊन थांबला.

"हां," मावशी म्हणाली. "आता सांग. सकाळपासून काय बोलत होतीस ते सगळं पहिल्यापासून सांग."

मी इंजिन बंद केलं.